गोमाचे पंचावन्न

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. वेळूपाड्याने वर्गणी काढून जमवलेली रक्कम एक हजार तीनशे पासष्ट रुपये. एवढ्यात चार माणसांनी मुंबईला जाऊन यायचे होते आणि गोमा खरा की खोटा, हे एकदाचे ठरवून आणायचे होते.

गोमाचे वय त्रेसष्ट. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ, आणि चालताना पायांची बोटे आत वळवून जमीन धरत चालायची सवय. ही सवय त्याला बांबूने लावली होती. विशीत असताना तो मुंबईत परांची बांधायचा. इमारत वर जाते तशी तिच्याभोवती बांबूंची जी मचाणे चढत जातात, त्यांना परांची म्हणतात. पाड्याच्या आसपासची, डोळखांबच्या डोंगरातली पोरे त्या कामात पटाईत. बांबू लहानपणापासून हाताखालचा, आणि उंचीची भीती म्हणाल तर ज्यांनी कड्यावरचे मध काढले त्यांना ती कुठून असणार?

ज्या इमारतीवर गोमाने काम केले ती नरिमन पॉइंटला, समुद्राच्या अंगाला. नाव दर्याभवन. नुसत्या हापिसांची बिल्डिंग. १९८३ साली ती पुरी झाली आणि गोमा पाड्यावर परत आला तो कायमचा. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या. एक पितळी ओळंबा आणि दुसरी एक हकीकत. हकीकत अशी की बिल्डिंगला पंचावन्न माळे आहेत, आणि तेविसाव्या माळ्यावर, समुद्राच्या बाजूला, खिडकीशेजारच्या सिमेंटमध्ये त्याच्या बायकोने पाठवलेली भाताची लोंबी उमटलेली आहे.

लोंबीचा किस्सा पाड्याला पटण्यासारखा होता. नवे भात घरात आले की पहिली लोंबी दाराच्या चौकटीत खोचायची, ही तिकडची रीत. १९८१च्या दसऱ्याला मुकादमाने रजा दिली नाही. मे महिन्यात लग्न होऊन आलेल्या सावळीने माहेरच्या शेतातली पहिली लोंबी पळसाच्या पानात गुंडाळून भावाबरोबर मुंबईला पाठवली. तिथे गोमाला दार कुठले? तो बांबूवर उभा होता, आणि समोर गवंड्याने नुकताच ओला गिलावा मारला होता. त्याने लोंबी त्या गिलाव्यात तळहाताने दाबली. सुकल्यावर काढून घेतली आणि खिशात ठेवली. ठसा राहिला.

इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. घोटाळा पंचावन्नने केला.

डोळखांबला किराणा दुकान चालवणारा भगीरथ हा गोमाच्याच वयाचा. दोघे एका शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर. भगीरथचा आकडा पक्का, जीभ त्याहून पक्की. १९९४ साली तो मालाच्या खरेदीला मुंबईस गेला, तेव्हा वाट वाकडी करून नरिमन पॉइंटला गेला, रस्त्यापलीकडे उभा राहिला आणि बोट रोखून माळे मोजले. तळमजला सोडून सव्वीस. खात्री म्हणून परत मोजले. सव्वीसच.

तो परत आला आणि दुकानात शेंगदाणे जोखता जोखता एवढेच म्हणाला, "गोमा रे, उरलेले एकोणतीस माळे कुठं गेले? समुद्राला भरती आली व्हती काय?"

त्या दिवसापासून पंचक्रोशीत 'गोमाचे पंचावन्न' ही म्हण झाली. कोणी सांगितले की विहिरीला वीस हात पाणी आहे, तर ऐकणारा विचारायचा, "गोमाचे वीस का खरे वीस?" मासा एवढा मोठा होता म्हणून कोणी हात पसरले, की दुसरा येऊन ते हात धरून निम्मे जवळ करायचा. हसण्यावारी चालले होते. पण एकदा पाड्याच्या वाटेचा वाद ग्रामसभेत गेला. वाट पूर्वी बारा फूट होती, हे स्वतः मोजलेला माणूस गोमा एकटाच हयात होता. तो उठून म्हणाला, "बारा फूट व्हती." मागून कोणीतरी बोलले, "म्हणजे सहा," आणि सभा हसली. वाट सहा फुटांवर मिटली. गोमा त्यानंतर सभेत उठला नाही.

त्याने स्वतः जाऊन बघितले नाही का? गेला होता. १९९८ साली दर्याभवनच्या फाटकापर्यंत गेला. पहारेकऱ्याने विचारले, "काम काय?" काम तर पंधरा वर्षांपूर्वीच संपले होते. तो परत फिरला.

गोमाची नात काजल शहापूरला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या हापिसात उमेदवारीला लागली होती. राहायची कल्याणला, सुट्टीला यायची पाड्यावर. चार फेब्रुवारीच्या रविवारी ती भगीरथच्या दुकानावर आजाला शोधत आली ती धापा टाकतच.

"आजा, दर्याभवनचं काम आमच्या हापिसात आलंय. खिडक्यांशेजारची सिमेंटची उभी पाती तडकल्यात, आतलं लोखंड गंजलंय. सगळी काढून काच लावणार. सोमवारी, बारा तारखेला, तोडायला घेणार."

गोमा पोत्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला. "सगळी?"

"सगळी. पण शुक्रवारी मला मापं घ्यायला जायचंय. साहेबांना विचारून चार पास काढलेत. तेविसावा माळा रिकामाच हाय. तू चल. आजीला घे."

भगीरथने तागडी खाली ठेवली. "चौथा पास कुणाचा गो?"

"तुमचाच काका. तुमी नाय आलात तर आमी बघितलेलं कोण खरं मानल?"

दुकानात बसलेली माणसे हसली. भगीरथ इरेला पेटला. "बरं! लोंबी दिसली तर माझा लाल तुऱ्याचा कोंबडा गोमाचा. नाय दिसली तर गोमानं पाड्यावर चारचौघांत सांगायचं, मी थापा मारल्या. कबूल?"

गोमाने एकदा नातीकडे पाहिले. तिने लहानपणी ही हकीकत शंभर वेळा ऐकली होती, आणि ती ऐकूनच नकाशांकडे वळली होती, हे त्याला ठाऊक होते. सोमवारनंतर दाखवायला काही उरणार नव्हते. ठसा गेला की थाप कायमची.

"कबूल," तो म्हणाला.

त्याच दिवशी सकुबाईने, म्हणजे पाड्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने, पदराच्या गाठीतले पन्नास काढून दिले आणि वर्गणी सुरू झाली. "जीव जायच्या आधी एकदा कळू द्या," ती म्हणाली. कोणाचा जीव, ते तिने सांगितले नाही.

शुक्रवारी पहाटे जीपने आसनगाव आणि तिथून गाडीने मुंबई. साडेदहाला चौघे दर्याभवनच्या समोरच्या फुटपाथवर उभे होते. सावळीने हिरवे लुगडे नेसले होते आणि काखेत कापडी पिशवी घट्ट धरली होती. पिशवीत काय आहे ते तिने कोणाला सांगितले नव्हते.

गोमा वर बघत राहिला. बिल्डिंग काळवंडली होती, पण ठेवण तीच. प्रत्येक खिडकीच्या बाजूला सिमेंटचे एकेक उभे पाते, आणि सगळी पाती एकाच दिशेला कललेली, पाखडताना सूप कलते तशी.

भगीरथ म्हणाला, "गोमा, वाकडी बांधलीस रे सगळी."

"वाकडी नाय काका," काजल म्हणाली. "मी जुने नकाशे बघितलेत. आधी सरळच व्हती. दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून आर्किटेक्टनं ती काढलेली. नुसता ढाचा उभा झाला आणि जूनमध्ये काम बंद पडलं. दोन महिने. तेवढ्यात ते साहेब रोज येऊन उघड्या माळ्यावर खुर्ची टाकून बसायचे. त्यांना दिसलं की पाऊस समोरून येत नाय, नैर्ऋत्येकडून तिरका येतो, आणि सरळ पात्यांच्या मधून आत घुसतो. मग त्यांनी सगळी पाती वळवली. नकाशावर तारीख हाय, सतरा जुलै एक्याऐंशी."

"आणि काम बंद का पडलं?" भगीरथने विचारले.

"नकाशावर साहेबांनीच बारीक अक्षरात लिवलंय. परांचीवाले शेतीसाठी गावी गेल्याने."

गोमाच्या तोंडावर हसू फुटले. "आवणीला! भाताची रोपं लावाया आमी सगळे घरी आलो व्हतो. मुकादम पाया पडत व्हता, पण भात काय मुकादमासाठी थांबतं?"

"म्हंजे तुमी कामचुकारपणा केला म्हणून बिल्डिंग सुधारली," भगीरथ म्हणाला. "छान."

फाटकावर पहारेकरी होता, तिशीतला. नाव हनुमान, हे त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेले. त्याने पास पाहिले आणि विचारले, "काम काय?"

या वेळी गोमा तयार होता. "जुनं काम तपासाया आलोय," तो म्हणाला.

हनुमानने त्याच्याकडे नीट पाहिले. "कुठले तुमी?"

"डोळखांब."

"मी मुरबाडचा. बोलण्यावरूनच वाटलं." त्याने फाटक उघडले, पण शिस्तीने बजावले, "पास तेविसाव्याचाच हाय. एक वाजेपर्यंत. दुसऱ्या माळ्यावर उतरायचं नाय."

आत शिरल्यावर गोमा थबकला. उंच छत, काळ्या दगडाची चकचकीत फरशी, मधोमध सहा लिफ्टची दारे. हे त्याने कधीच बघितले नव्हते. अडीच वर्षे तो या बिल्डिंगच्या अंगाखांद्यावर वावरला, पण बाहेरून. आत यायची त्यांना मुभा नव्हती आणि गरजही नव्हती.

काजल त्याला समजावून सांगू लागली. ही सगळी जमीन समुद्रात भराव टाकून केलेली, म्हणून खाली कातळ लागेपर्यंत सिमेंटचे खुंट ठोकलेत. लिफ्ट, जिने, पाण्याचे नळ, सगळे मधोमध एका जाड भिंतीच्या खोक्यात. तो बिल्डिंगचा कणा. बाहेरच्या बाजूला फक्त खांब. त्यामुळे मधली जागा मोकळी, हापिसवाल्याने हवी तशी वाटून घ्यावी.

"मधी मेढीचा खांब आणि भवती कुडाची भिंत," गोमा म्हणाला. "आपल्या घरागत."

"तसंच समज."

लिफ्टमध्ये सावळीने डोळे मिटून काजलचा दंड धरला. दार उघडले तेव्हा ती म्हणाली, "ही निघायची कधी?"

"आलो आजी."

"आलो? एवढ्यात?" तिने नवऱ्याकडे वळून पाहिले. "अवो, तुमी तर सांगत व्हता की चढायला अर्धा तास लागं!"

भगीरथ खोकला. खोकल्यात काय होते ते गोमाला बरोबर कळले.

तेविसावा माळा खरोखर रिकामा होता. फरशी उखडलेली, तारा लोंबत्या, पावलांचा आवाज घुमणारा. पश्चिमेला ओळीने चौदा खिडक्या आणि काचेपलीकडे चौदा पाती. गोमा पहिल्या खिडकीशी गेला. काचेला कपाळ टेकवून त्याने पाते वरपासून खालपर्यंत पाहिले. दुसरी खिडकी. तिसरी. सावळी त्याच्या मागोमाग. सातव्या खिडकीशी तो बराच वेळ थांबला, कारण त्याच्या आठवणीप्रमाणे ती हीच होती. पाते कोरे होते. रंगाचे पोपडे, एक तडा, कबुतराची घाण. बस.

चौदाही झाल्या. मग उलट बाजूने पुन्हा चौदा.

भगीरथने सगळ्या खिडक्या स्वतःही बघितल्या, अगदी प्रामाणिकपणे, चष्मा पुसून पुसून. मग तो गोमाजवळ आला. कोंबड्याचे नाव नाही, पंचावन्नचे नाव नाही. त्याने गोमाच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चल रे. चाय पिऊ. मी पाड्यावर काय बोलणार नाय."

हसला असता तर गोमाने सहज सोसले असते. तीस वर्षे सोसतच होता. ही माया त्याला सोसेना. तो तोंड फिरवून सातव्या खिडकीतून बाहेर बघू लागला.

समोर समुद्र होता. अलीकडे, रस्त्याच्या पल्याड, एक जुनी पिवळी इमारत आणि तिची गच्ची. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या. गोमा बघत राहिला आणि त्याच्या भुवया हळूहळू जवळ आल्या.

"म्हातारा एवढा खाली कसा?" तो पुटपुटला.

"कोण म्हातारा?" काजलने विचारले.

"ती गच्ची. तिच्यावर एक पारशी म्हातारा सकाळी कबुतरांना दाणे टाकायचा. लोंबी लावली त्या दिवशी मी त्याला हात केला, त्यानं मला केला. समोरासमोर. त्याचं नाक दिसत व्हतं मला! आता बघ. गच्ची पार पायाखाली."

सावळी म्हणाली, "बिल्डिंग वाढली का काय मागाहून?"

"बिल्डिंग काय मुळा हाय, वाढायला?" भगीरथ म्हणाला. पण तोही खिडकीशी आला.

काजल आजाकडे बघत होती. "आजा, तेविसावा हा तू कशावरून म्हणतोस?"

"कशावरून म्हंजे? मोजून."

"जिन्यानं?"

"जिना कुठला? मी आत आजच येतोय. बांबूवरून मोजून."

"कसं? दाखव."

गोमाने चपला काढल्या. भिंतीशी उभा राहिला. "हे बघ. पायाखाली एक आडवा बांबू. त्याच्यावर उभं राहायचं आणि हात वर करायचा. मनगट जिथं पोचलं तिथं दुसरा आडवा. काथ्याच्या पाच गाठी. मग चढून त्याच्यावर उभं. झाला एक माळा. परत हात वर. झाला दुसरा. मुकादम खालून ओरडायचा, कितवा रे? आमी वरून सांगायचो. माझा हात बरोबर मापाचा, म्हणून मला पुढं ठेवायचे. वरचा कठडा पंचावन्नावर लागला. नारळ फोडला आमी."

काजलने खिशातली टेप काढली. फरशीपासून आजाच्या वर केलेल्या मनगटापर्यंत मोजले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"सहा फूट," ती म्हणाली. "आजा, बरोबर सहा फूट. आणि या बिल्डिंगचा एक माळा हाय बारा फुटांचा."

मग भगीरथ बोलला. त्याला बोलायचे नव्हते, पण आकडा समोर पडला की त्याचा जन्माचा हात थांबत नसे.

"बारा म्हंजे गोमाचे दोन," तो म्हणाला. "सव्वीस दुणे बावन्न. पंचावन्नातून बावन्न गेले, उरले तीन." तो थांबला. "तिनाचं काय? काजल, खालचा तो काळ्या फरशीचा दिवाणखाना किती उंच हाय गो?"

"अठरा फूट."

"साहा त्रिक अठरा!" भगीरथ ओरडला. रिकाम्या माळ्यावर आवाज घुमला. "तीन खालचे, बावन्न वरचे. पंचावन्न! आयला गोमा, पंचावन्नच रे!"

"मी कधीपासून सांगतोय?" गोमा म्हणाला.

"थांब, थांब. तेविसातून खालचे तीन काढ. वीस. विसाचे निम्मे दहा. दहा माळे पायाखाली गेले, म्हंजे तू उभा व्हतास अकराव्या माळ्याच्या जमिनीला. लोंबी अकराव्यावर हाय!" आणि मग, आपण काय सिद्ध केले हे ध्यानात येऊन, तो हळूच म्हणाला, "माझा कोंबडा."

सावळीने तोंडाला पदर लावला, पण हसू पदराबाहेर आले.

साडेबारा वाजले होते आणि पास अकराव्याचा नव्हता. चौघे खाली आले. काजल शुद्ध भाषेत विनंती करायला लागली, तेवढ्यात भगीरथने तिला बाजूला सारले आणि हनुमानला मुरबाडच्या बाजारापासून सुरुवात करून सगळी कथा सांगितली. कोंबड्यासकट. हनुमान ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अकराव्यावर शिपिंगचं हापिस हाय. मीनाम्याडमना विचारतो. त्या नाय म्हणाल्या तर माझा इलाज नाय."

त्याने फोन लावला. "म्याडम, चार माणसं खिडकी बघायला... नाय, काच पुसणारे नाय... भाताची लोंबी म्हणतात... हो, सिमेंटमधी." तो ऐकत राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले. फोन ठेवून तो म्हणाला, "म्याडम विचारतात, मोराच्या पिसाबद्दल आलात काय?"

हनुमान स्वतः चौघांना घेऊन अकराव्यावर आला. मीनाबाई पन्नाशीच्या, नीटस, गळ्यात चष्म्याची साखळी. त्या लिफ्टच्या दारातच उभ्या होत्या. एकोणीस वर्षे त्या पश्चिमेच्या सातव्या खिडकीशी बसत होत्या.

"या, या," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशी बसले तेव्हाच मला ते दिसलं. सगळे म्हणतात माशाचा काटा. मी म्हणते मोराचं पीस. नवीन मुलं लागली की मी त्यांना आधी तेच दाखवते. कोणी केलंय ते मात्र कधी कळलं नाही."

टेबलावर बिलांची चळत होती. तिच्यावरून वाकून गोमाने काचेबाहेर पाहिले.

लोंबी तिथे होती. हातभर अंतरावर, त्याच्या छातीच्या उंचीला, पात्याच्या आतल्या अंगाला. रंगाचे तीन-चार हात चढले होते, तरी दाणा अन् दाणा मोजता येत होता. देठ डावीकडे वाकलेला. शेजारी त्याच्या विशीतल्या तळहाताची पुसट, खोलगट खूण.

भगीरथ तिघांच्या डोक्यांमधून डोके घालून बघत होता आणि "हाय रे, हाय रे" म्हणत होता, जणू ती त्यानेच लावली होती.

सावळी मागे उभी होती. तिने विचारले, "हात लावता येईल?"

खिडकीची खालची झडप पूर्वी साफसफाईला उघडत असे. हापिसात एसी बसला तेव्हा ती स्क्रूने बंद केलेली. मीनाबाईंनी हनुमानकडे बघितले, हनुमानने छताकडे बघितले, आणि पाच मिनिटांनी तो पेचकस घेऊन आला. चार स्क्रू निघाले. समुद्राचा वारा आत घुसला आणि टेबलावरची बिले उडाली. सगळे हापिस ती गोळा करायला धावले.

सावळीने हात बाहेर काढून ठशावर बोटे ठेवली. दाण्यांवरून ती वर गेली आणि एके ठिकाणी थांबली. मग तिने पिशवी उघडून आतून कागदात बांधलेली वाळकी लोंबी काढली. तिच्या घराच्या चौकटीवरची, गेल्या दसऱ्याची.

"ही बघा आताची," ती मीनाबाईंना म्हणाली. "गुळगुळीत. आणि ह्याच्यात बघा, दाण्याच्या टोकाला ह्या बारीक रेघा. हे कुसळ. माझ्या बापाच्या शेतात कुसळाचा लाल भात व्हायचा. त्याच्यामुळं तुमाला मोराचं पीस वाटलं." ती नवऱ्याकडे वळली. "अवो, तो भात गेला. बी पण नाय राह्यलं कुणाकडं. इथं हाय बघा."

भगीरथने हात लावून बघितले. तोही शेतकऱ्याचाच पोर. "कुसळाचाच," तो म्हणाला. "लहानपणी गळ्यात अडकायचा साला."

"मला हात लावू दे रे आता," गोमा म्हणाला. त्याने तळहात त्या खोलगट खुणेवर ठेवला. हात आता मोठा झाला होता, बोटे वाकडी झाली होती, नीट बसला नाही. त्याला त्याचेच हसू आले. त्याने समोरच्या गच्चीकडे पाहिले. गच्ची अगदी नाकासमोर होती. तिथे कोणी नव्हते, तरी त्याने हात केला.

काजलने मापाच्या नकाशावर लिहिले: अकरावा मजला, पश्चिम बाजू, पाते क्रमांक सात, भाताच्या लोंबीचा ठसा, १९८१. खाली आजाचे नाव लिहिले. हा नकाशा बिल्डिंगच्या कायमच्या कागदपत्रांत जाणार होता. मीनाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि गोमाला आपल्या खुर्चीवर बसवले. हनुमानने एक वाजून चाळीस मिनिटांनी रजिस्टरमध्ये त्यांची जाण्याची वेळ एक वाजता अशी लिहिली.

त्या रात्री पाड्यावर भगीरथच बोलला. गोमाला त्याने तोंड उघडू दिले नाही. सव्वीस दुणे बावन्न, साहा त्रिक अठरा, हे त्याने प्रत्येक अंगणात खडूने मांडून दाखवले. सकुबाईने विचारले, "म्हंजे गोमा खरा?"

"इंचाइंचानं खरा," भगीरथ म्हणाला. "आपण माळे मोजत व्हतो, तो बांबू."

पाती तोडताना काजलच्या साहेबांनी ठशाचा तुकडा कापून काढायला सांगितले होते. तो कापताना मधोमध तुटला. वरचा, कुसळांचा भाग भुगा झाला. खालचा, सात दाण्यांचा आणि वाकड्या देठाचा तुकडा दोन मार्चला सिमेंटच्या गोणीतून पाड्यावर आला. वजन नऊ किलो. गोमाने तो दाराच्या चौकटीशेजारी कुडात बसवला. मीनाबाईंचा फोन आला होता. खिडकी आता मोकळी मोकळी वाटते, म्हणाल्या.

ग्रामसभेत वाटेचा प्रश्न पुन्हा आला. गोमा उठून म्हणाला, "बारा फूट." मागून एकाने विचारले, "गोमाचे का?" भगीरथने वळून त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले, "हो, गोमाचेच. म्हणून तर लिवून घे."

कोंबडा भगीरथने दुसऱ्याच दिवशी आणून दिला होता. पायाला सुतळी बांधून, स्वतः. तो सगळ्या पाड्याने मिळून खाल्ला, भगीरथने दोनदा वाढून घेतला. त्यासाठीचा मसाला आणि खोबरे त्याच्याच दुकानातून आणले होते. त्याचे पस्तीस रुपये गोमाकडून अजून येणे आहेत.